लिंबापुरती गाडी

बाबा गेल्यापासून त्यांची गाडी बदलापूरला आमच्या बिल्डिंगखाली कव्हर घालून उभी असायची. विकू म्हटलं की आई जेवायची नाही. रविवारी मी नुसतं इंजिन चालू केलं, तरी वर ती गॅसवर दोन कप चहा ठेवायची. मी चहा पीत नाही, हे तिला पक्कं माहीत. मला त्या दुसऱ्या कपाची भीती वाटायची, खरंच सांगतो.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी गाडी जरा पुढे घेतली, तर ब्रेक असा किंचाळला की पहिल्या मजल्यावरची खिडकी उघडली. पॅड पार झिजले होते. उल्हासनगरहून नवे आणले. "एकदम ओरिजिनल है, साईं," सिंधी दुकानदार म्हणाला. म्हणणारच. गॅरेजवाले सगळे पूजेच्या गडबडीत. म्हटलं, गेले उडत, घरीच बदलतो.

नवे पॅड जाड असतात. ते बसवायला आतला पिस्टन मागे दाबावा लागतो. मग गाडी हलवायच्या आधी ब्रेकचं पेडल कडक होईपर्यंत दाबत राहायचं, नाहीतर ब्रेक लागतच नाही. सगळं पाठ होतं मला. पण दसऱ्याला सकाळी चाक लावत होतो, तर शेजारच्या काकू हार घेऊन डोक्यावर उभ्या. "मुहूर्त टळतोय रे. आणि मी ओवाळते ना, तुझ्या आईनं आता कशाला..." माझं टाळकंच सटकलं. "आईच ओवाळणार," म्हणालो, चाक आवळलं आणि तसाच तणतणत सीटवर जाऊन बसलो.

आईनं हार घातला, ओवाळलं, पुढच्या चाकाखाली लिंबू ठेवलं. आता बाजूला व्हायचं, तर ताम्हन घेऊन समोरच उभी राहिली. म्हटलं, हातभर तर जायचंय, राहू दे.

लिंबू फुटलं. ब्रेक दाबला आणि पाय सरळ खाली गेला. पुन्हा दाबला, पुन्हा तेच. पार्किंगला उतार आहे. गाडी सावकाश, आवाज न करता आईकडे जात राहिली. हॉर्न वाजवला. ती हलली नाही. काचेतून माझ्याकडे बघत होती आणि हसत होती. बाबा गेल्यापासून तिला असं हसताना मी पाहिलं नव्हतं. हँडब्रेक ओढला तेव्हा बॉनेट तिच्या पदराला लागलं होतं.

उतरलो आणि ओरडलोच तिच्यावर. "आई, गाडी येतेय ते दिसत नव्हतं का? बाजूला का नाही झालीस?"

ती अजून काचेतून सीटकडेच बघत होती. सीट रिकामी होती.

"मला वाटलं, हे न्यायला आले."

मग मान वळवून तिनं मला पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला.

"तू होतास होय," ती म्हणाली.