निखाऱ्यांवर तापलेलं इंजिन

तायमी पीराइनेन लग्न होऊन दूर उत्तरेकडच्या, बर्फाळ कुह्मोच्या जंगलातल्या त्या लहानशा गावात आली, तेव्हा सायकलीपलीकडे तिला कुठलंच यंत्र चालवता येत नव्हतं. गावचे रस्ते साफ करायचा ट्रॅक्टर तिचा नवरा रेयो चालवायचा. पुढे त्याचे गुडघे कामातून गेले आणि ट्रॅक्टरवर तायमी चढली.

तिला शिकवलं शेजारच्या ओस्करी तोलोनेनने. हा म्हातारा जन्मभर लाकूडतोडीच्या यंत्रांवर राबलेला आणि जिभेचा तिखट. पहिल्याच हिवाळ्यात रात्री इंजिनाच्या हीटरची वायर अंगणातल्या विजेच्या खांबाला लावायची राहिली आणि तायमी सकाळी नुसतीच सेल मारत बसली. कुंपणापलीकडून ओस्करी म्हणाला, "तू रजईत झोपलीस ना? मग त्याला का उघड्यावर टाकलंस?"

तेव्हापासून झोपण्याआधी वायर लावणं तिच्या अंगवळणी पडलं. पहाटे इंजिन कोमट असायचं, पहिल्या सेलला धडधडायचं, आणि शाळेची बस यायच्या आत रस्ता मोकळा व्हायचा. अशी वर्षं गेली.

मग एका जानेवारीत बर्फाच्या भाराने वाकलेली झाडं तारांवर कोसळली आणि गावची वीज गेली. पारा उणे छत्तीसवर होता. वायर खांबाला होती, पण तिच्यात जीव नव्हता. तायमीने बॅटरी तेवढी काढून चुलीजवळ आणून ठेवली.

सकाळी कॉफी पिता पिता रेयो छाती धरून खाली बसला. फोन चालू होता म्हणून बरं. अँब्युलन्स हमरस्त्यापर्यंत येईल, तिथून आत तुम्हीच वाट करा, असं पलीकडून सांगितलं. वाट गुडघाभर बर्फाखाली होती. एवढ्या थंडीत रेयोला उघड्या घसरगाडीवरून नेणं म्हणजे जिवाशी खेळ. तायमीने बॅटरी जोडून सेल मारला. इंजिन कण्हलं आणि गप्प झालं. तिने दुसरा फोन ओस्करीला केला.

तो आला तो निखाऱ्यांनी भरलेलं घमेलं घसरगाडीवर घेऊनच. घमेलं त्याने इंजिनाच्या तळाखाली, जिथे वंगणाचं तेल साठतं तिथे, सरकवलं आणि इंजिनातलं कूलंटचं पाणी बादल्यांत काढायला सांगितलं. त्याच्या सौनाची, म्हणजे वाफेच्या न्हाणीघराची, भट्टी सकाळपासून पेटलेली होती. तायमी बादल्या तिकडे नेत होती आणि वाफाळत्या परत आणत होती. शेजारची हेल्मी रेयोजवळ बसली. हेल्मीचा नवरा ट्रॅक्टरवर घोंगड्या टाकून ऊब धरून ठेवत होता.

गरम कूलंट परत ओतून तायमी सीटवर बसली. हात लगेच किल्लीकडे गेला.

"घाई करू नकोस," ओस्करी खालून म्हणाला. "त्याला अजून जरा शेकू दे."

ती थांबली. थांबणं तिला आयुष्यात इतकं जड कधीच गेलं नव्हतं. मग ओस्करीने मान हलवली. इंजिन खोकलं, पांढरा धूर ओकलं आणि धडधडायला लागलं. तायमी बर्फ फाडत हमरस्त्याला पोचली आणि अँब्युलन्स तिच्याच मागून घरापर्यंत आली.

फेब्रुवारी संपता संपता रेयो इस्पितळातून घरी आला. तायमीने राय या काळसर धान्याच्या पिठाच्या वाट्या बटाटा आणि रानबेरी भरून भाजल्या आणि ताट घेऊन ओस्करीकडे गेली. काय बोलायचं ते वाटेत ठरवलं होतं. दारात सगळं विसरली.

"रेयो घरी आला," एवढंच ती म्हणाली.

"दिसतो की खिडकीतून." त्याने एक वाटी उचलून खाल्ली. "बेरी आंबट आहेत."

"तुम्ही नसतात तर, ओस्करी..."

त्याने हाताने तिला थांबवलं.

"मी काम सोडल्यापासून मला कुणी बोलावलं नव्हतं," तो म्हणाला. "तू बोलावलंस. मला फार बरं वाटलं, पोरी."

तायमीचे डोळे भरून आले. ते लपवायला ती आत गेली आणि त्याच्याच चुलीवर कॉफीचं आधण ठेवलं. मग दोघं खिडकीशी बसून कॉफी प्यायली. म्हाताऱ्याने ताटातली शेवटची वाटीसुद्धा शिल्लक ठेवली नाही.