दुसरा व्हिटेकर

माझे मावसोबा एका जागी स्वस्थ बसलेले पाहिले असं छातीवर हात ठेवून सांगणारा माणूस अख्ख्या औरंगाबादेत एकही निघायचा नाही. मावशी म्हणायची, लग्नात अंतरपाट धरला तेव्हा पलीकडे नवऱ्या मुलाचे पाय एकसारखे हलताना दिसत होते, तीच यांची पहिली ओळख. चहा ते उभ्यानं पीत. वर्तमानपत्र येरझारा घालत वाचत, त्यामुळे ओसरीत सुरू झालेली बातमी मोरीपाशी संपायची. सिनेमाला गेले तर मध्यंतरातच दारावरच्या माणसाला शेवट विचारून घ्यायचे आणि बाहेर पडायचे. मावशी उरलेला खेळ एकटीनं बघून टांग्यानं घरी यायची. तिनं एकदा जाब विचारला, तर म्हणाले, "शेवट कळला की बसायचं कामून?" शेवट कळला नाही तर मात्र या माणसाचं काय व्हायचं, हे तिला कळायला पोलीस ॲक्शन व्हावी लागली.

निजामाच्या काळात मावसोबांचं सगळं शिक्षण उर्दूतून झालेलं. नोकरी तामीरात खात्यात, म्हणजे सरकारी बांधकामावर ओव्हरसियर. ॲक्शन झाली, निजाम गेला, खात्याचं नाव बदललं, पुढं राज्यही दोनदा बदललं. मावसोबा ओव्हरसियरच राहिले. त्या धामधुमीत कुणीतरी त्यांना छावणीतल्या जुन्या इंग्रजी कब्रस्तानाची पडकी भिंत मोजायला पाठवलं. सकाळी टेप घेऊन गेलेला माणूस संध्याकाळी परत आला तो भिंतीचं माप न घेताच. दारातूनच मावशीला म्हणाला, "दुसरा गेला कुठं?"

झालं होतं असं. कब्रस्तानात व्हिटेकर आडनावाच्या माणसांची एक रांगच होती. त्यातला सगळ्यात जुना व्हिटेकर म्हणजे या मुलखात आलेल्या अगदी पहिल्या गोऱ्यांपैकी. तोफखान्यावर आला, इथंच बंगला बांधला, इथंच गेला. त्याच्या दगडावर कोरलं होतं, की हा दगड त्याच्या दोन मुलांनी मिळून बसवला. त्यातला एक मुलगा बापाशेजारी होता, त्याची बायको होती, लेकरं होती, सुना होत्या. दुसऱ्याचा पत्ता नव्हता. मावशी पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "गेला असेल विलायतेला." मावसोबा म्हणाले, "विलायतेला गेलेल्यांच्या पितळी पाट्या आहेत चर्चच्या भिंतीवर. बघून आलो. तिथंबी नाय." आणि मग मोरीपासून ओसरीपर्यंत फेऱ्या सुरू झाल्या. त्या पुढं वीसएक वर्षं चालल्या असं म्हटलं तरी चालेल.

हळूहळू सबंध व्हिटेकर खानदान आमच्या घरात राहायला आलं. मावसोबांनी त्यांची वंशावळ काढली, पण हाडाचे ओव्हरसियर असल्यामुळे ती गटाराच्या नकाशासारखी काढली. मूळपुरुष म्हणजे मुख्य नळ, मुलं म्हणजे उपनळ, निपुत्रिक गेलेल्यांच्या तोंडाला झाकण. दुसऱ्या मुलाचा नळ कागदाच्या कडेपर्यंत जाऊन तसाच उघडा सुटला होता. त्यावर बोट ठेवून ते येणाऱ्याजाणाऱ्याला विचारत, "सांगा, पाणी जातंय कुठं?" एकदा जेवताना त्यांचा घास हातातच राहिला आणि ते म्हणाले, "धाकटी पोरगी पटकीत गेली बिचारी." पंक्तीला बसलेल्या पाहुण्यांनी पानातून हात काढला. "अरेरे! कधी?" "झाली की शंभरेक वर्षं." मावशीनं कपाळावर हात मारला. "माझ्या बहिणीच्या पोरांची नावं यांना धड येत नाहीत, आणि त्या गोऱ्याच्या सुना माहेरच्या नावासकट पाठ!"

कुणीतरी सांगितलं, एक व्हिटेकर म्हणे जेलच्या नोकरीत होता. त्यासरशी मावसोबा सायकल काढून हर्सूलच्या जेलवर. फाटकावरच्या शिपायानं विचारलं, "कोणाला भेटायचंय?" "व्हिटेकरला." "बराक?" "ते नाय माहीत. मेला असंल." शिपाई चपापला. "कधी मेला? काल तर गिनती बरोबर होती!" नंतर सगळा खुलासा ऐकून त्यानं यांना बाकावर बसवून पाणी दिलं आणि घरचं कुणी न्यायला येईल का, असं फार मायेनं विचारलं.

पण खरी कमाल विटेकरांच्या वेळी झाली. चिकलठाण्यापलीकडच्या एका खेड्यात विटेकर नावाचं बडं शेतकरी घराणं आहे असं कळलं. व्हिटेकरचं विटेकर व्हायला कितीसा वेळ लागतो! मावसोबा पोचले तेव्हा म्हातारे विटेकर ओट्यावर बसले होते. रंगानं लख्ख गोरे, मिशा भुऱ्या. मावसोबांना दरदरून घाम फुटला. "तुमच्या घराण्यात पहिलं गोरं कोण?" त्यांनी विचारलं. म्हातारा खूश झाला. "आमच्यात समदीच गोरी हायेत." "तसं नाय. इंग्रज कोण होतं?" आत म्हातारी भाकरी थापत होती, ती तव्यावरचा उलथणा घेऊनच बाहेर आली. "माझ्या आजेसासऱ्याला फिरंगी म्हंतो व्हय रं!" मावसोबा सायकल तिथंच टाकून थेट जालना रोडपर्यंत पळाले. दोन-चार दिवसांनी विटेकरांच्या गड्यानं ती सायकल घरी आणून दिली. कॅरिअरला बाजरीचं पोतं बांधलेलं होतं आणि निरोप होता: "मानूस येडा हाय, पर वाईट नाय."

या सगळ्याला आम्ही हसत होतो. मीही हसत होते. तोवर माझं लग्न झालं होतं, मी कॉलेजात शिकवत होते आणि माझ्या वर्गातल्या मुलींना मावसोबांचे किस्से सांगत होते. मग एका रविवारी सकाळी ते माझ्या दारात उभे राहिले. दाढी अर्धीच झालेली, एका गालावर साबण तसाच. आदल्या दिवशी त्यांच्याकडे कापसाचा व्यापार करणारे एक पाहुणे आले होते. बोलता बोलता त्यांनी सिल्लोडच्या एका मुसलमान अडत्याचं नाव घेतलं, टोपीवाले. मावसोबांनी सहज विचारलं, टोप्यांचं दुकान का? पाहुणे म्हणाले, छे, पिढ्यान्‌पिढ्या कापूसच. टोपी कधी शिवलीही नाही आणि विकलीही नाही.

"मग टोपीवाले कामून?" मावसोबा मला विचारत होते. "अगं, आपले जुने लोक इंग्रजाला काय म्हणायचे? टोपीकर! मी वीस वर्षं नाव हुंगत फिरलो. माणसाच्या डोक्यावर काय होतं ते बघायचंच राहिलं. चल, ऊठ. घरात बायका असतील, मला आत कोण घेणार? तू पाहिजेस."

सिल्लोडपर्यंतच्या एस्टीत निम्म्या जागा रिकाम्या असूनही ते दांडीला धरून उभे होते. टोपीवाल्यांचं घर साधं, स्वच्छ, अंगणात सरकीची पोती. घरच्या मुलानं मावसोबांना बाहेरच्या खोलीत बसवलं, मला आत नेलं. घरातली कर्ती म्हणजे त्याची म्हातारी आई. तिला सगळं गाव दादी म्हणायचं. घाऱ्या डोळ्यांची, काटक. ती टोपीवाल्यांची सूनही आणि चुलत घराण्यातली लेकही. मी भीत भीत विषय काढला. ती सुपारी कातरत ऐकत राहिली आणि मग अगदी सहज म्हणाली, "हौ. गोराच होता तो. घरात सगळ्यांना मालूम आहे, बोलत कोणी नै."

कापूस बघायला तो सिल्लोडला यायचा. इथल्या एका मुलीवर जीव बसला. निकाह पढला, युसूफ झाला. थोरल्या भावानं सांगून पाठवलं, की तू आम्हाला मेलास. म्हणून छावणीत त्याचा दगड नाही. इथं त्याची कबर आहे, पण तिच्यावर नाव नाही. "आणि बेटी, आता तुझ्या त्या साहेबांना सांग, हे कुठं लिहायचं नै. रझाकार आले तेव्हा आम्हाला बोलले, तुम आधे मुसलमान. मग ॲक्शन झाली, तेव्हा दुसरे आले, ते बोलले, तुम पूरे. दोन्ही वेळेला दार आम्हीच बंद केलं. आता कुठं लोक आम्हाला नुसते अडते म्हणतात. नातीचं लग्न ठरलंय. राहू दे ना झाकलेलं."

बाहेर मावसोबांच्या पावलांचा आवाज येत होता, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. मी त्यांना पडद्यापाशी बोलावलं. दादीनं तेच सगळं त्यांना आतून पुन्हा सांगितलं. ते थांबून ऐकत होते. ज्या एका गोष्टीसाठी या माणसानं बाजरीची पोती आणि उलथणे झेलले, ती त्याला मिळाली होती आणि कुणालाही सांगायची नव्हती. शेजारच्या दूधवाल्यालासुद्धा व्हिटेकरांची साडेसाती ऐकवणारा हा माणूस! मला वाटलं, आता ते हुज्जत घालतील. ते म्हणाले, "बहेनजी, मुलं किती झाली त्याला?" दादी आतून हसली. "भरपूर." "बरं झालं," मावसोबा म्हणाले. "मला आपलं वाटायचं, एकटाच कुठंतरी मेला." मग कबरीवर जाऊन आले आणि आम्ही परतीची एस्टी धरली. घरी मावशीलाही त्यांनी काही सांगितलं नाही आणि मलाही शपथ घातली.

पुढं काही वर्षांनी विलायतेहून एक बाई आली. शाळेतून निवृत्त झालेली, एकटी, आडनाव व्हिटेकर. आपल्या माणसांचे दगड बघायला ती एवढ्या लांब आली होती. चर्चच्या पाद्रीसाहेबांनी तिला सरळ मावसोबांकडे पाठवलं. दुभाषी म्हणून अर्थातच मी. मावसोबांनी तिला प्रत्येक दगडापाशी नेलं, कोण कशानं गेलं ते स्वतःच्या इंग्रजीत सांगितलं, पटकीत गेलेल्या पोरीपाशी डोळे पुसले. ती बाईही रडली. मग तिनं पहिल्या दगडावरची अक्षरं वाचली आणि वळून विचारलं, "पण दुसरा मुलगा कुठं आहे?"

मी मावसोबांकडे बघितलं. हातातली टोपी त्यांनी उलटी केली, सुलटी केली. "मालूम नाय म्हणाव," ते मला म्हणाले.

पण हा माणूस गप्प बसेल तर शपथ! त्या संध्याकाळी ते एकटेच सिल्लोडला जाऊन आले. दुसऱ्या दिवशी बाई अजिंठा बघायला जाणार होती आणि रस्ता सिल्लोडवरूनच होता. "माझ्या ओळखीचे आहेत, चहा घेऊन पुढं जाऊ," असं त्यांनी तिला सांगितलं. दादीनं त्यांना एवढंच म्हटलं होतं, "मेहमान आहे, चाय पिलवू. बात नक्को."

दादी त्या दिवशी पडदा सोडून बाहेरच्या खोलीत येऊन बसली होती. दोन म्हाताऱ्या समोरासमोर बसल्या. दोघींचं नाक सारखंच होतं, शेंड्याला डावीकडे किंचित झुकलेलं. बाईनं बराच वेळ दादीकडे बघितलं आणि हसून म्हणाली, माझ्या आत्याचं नाक अगदी असं होतं. "काय बोलली?" दादीनं विचारलं. मी तोंड उघडायच्या आत मावसोबा म्हणाले, "म्हणते, चहा फस्क्लास झाला." "झूठ नका बोलू भाईसाब," दादी म्हणाली, "ती नाकावर बोट ठेवून बोलली." आणि पदर तोंडाला लावून ती हसत सुटली. हसता हसता तिनं डोळे पुसले, पण कुणाला काही विचारू दिलं नाही.

निघताना दादीनं नातसुनेकडून हिरव्या काचेच्या बांगड्या मागवल्या. बाईचा रुंद, हाडाळ पंजा मुठीत दाबून, साबण लावून, एकेक बांगडी चढवली. "घरची लेक रिकाम्या हातानं जात नसते," ती म्हणाली. मावसोबांनी इंग्रजीत सांगितलं, पाहुण्यांना बांगड्या भरायची इथं पद्धत आहे. बाईनं मान हलवली.

गाडीत ती बांगड्यांचे हात मांडीवर ठेवून बसली होती. घाट उतरायला लागलो तेव्हा तिनं विचारलं, त्या घराचं नाव मी मघाशी सांगितलं, त्याचा अर्थ काय? मी सांगितला: टोपी घालणारे, टोपीवाले. "ते टोप्या बनवायचे का?" तिनं विचारलं. मी मावसोबांकडे बघितलं. ते खिडकीबाहेर बोट दाखवत घाईघाईनं म्हणाले, "मॅडम, लुक. अजिंठा!" लेणी अजून दिसतही नव्हती. बाईनं बांगड्यांवरून एक बोट फिरवलं आणि म्हणाली, "हो. फार सुंदर आहे." मग पुन्हा तिनं काही विचारलं नाही.

मावसोबा जाऊन आता बरीच वर्षं झाली. दादीही गेली. तिच्या नातवंडांतलं कुणी आता सिल्लोडला राहत नाही, आणि मी इथं नावंगावं अशी फिरवली आहेत की मावसोबांसारखा माणूसही त्यांचा माग काढू शकणार नाही. मावसोबांचे दिवस झाले तेव्हा दादी होती; तिचा मुलगा भेटायला आला होता. मावशीनं त्याला कधी पाहिलेलं नव्हतं. तो पायरीशी चपला काढून अवघडून उभा राहिला. मावशीनं त्याला बसायला सांगितलं आणि विचारलं, "तुमची आमच्या यांची ओळख कुठली?"

"दादी बोलली, आपल्या घरातलं माणूस गेलं, जाऊन ये," तो म्हणाला. "कोण लागायचे ते मी विचारलं नाय, मावशी."

मी मान खाली घातली.

"मीही त्यांना कधी विचारलं नाही," मावशी म्हणाली, आणि चहा टाकायला आत गेली.