साडभाऊंची साखर

साखरेवर पोट भरणारा आणि साखरेला हात न लावणारा माणूस अख्ख्या नागपुरात एकच, माझ्या मेहुणीचे यजमान, आमचे साडभाऊ. गोड डॉक्टरांनी बंद केलेलं, आणि विद्यापीठातली नोकरी साखरेच्या गणिताची. आपल्या अंगातली पेशी प्रथिनं घडवते आणि त्यांच्यावर साखरेचे मणी चढवते. एका एन्झाइमने पहिला चढवला की मग दुसऱ्याने पुढचा, असं ते काम चालतं म्हणे. ते कोणत्या क्रमाने आणि किती वेगाने होतं, हे समीकरणांत बसवण्यात साडभाऊंचे केस गेले. त्यांच्याकडे चहाला जावं, तर बशीतल्या शेवेचीसुद्धा साखळी मांडून दाखवतात. बायको म्हणते, भावजी वेडे नाहीत, फक्त तसे दिसतात.

माझ्या पोरीच्या लग्नात बुफे नको, पंगतच हवी, हा हट्ट त्यांचाच. वाढायला त्यांचे विद्यार्थी. प्रत्येकाकडे एक पदार्थ, आणि आधीचा पदार्थ पानात दिसल्याशिवाय पुढच्याने वाढायचं नाही, अगदी पेशीतल्यासारखं. मी म्हटलं, बरं बाबा, तुमची हौस.

झालं असं, की नवरदेवाच्या काटोलच्या आजोबांना तिखट सोसेना, म्हणून त्यांनी चटणीला नको म्हटलं. चटणी नाही म्हणून कोशिंबीरवाला पुढे गेला, कोशिंबीर नाही म्हणून भाजीवाला. नापास होण्याच्या भीतीने एकानेही नियम मोडला नाही. पंगत जिलबीवर आली, तरी आजोबांच्या पानात मीठ आणि लिंबाची फोड.

"मले काहून वगळून राहिले गा?" आजोबांनी विचारलं. व्याह्यांचा चेहरा उतरला. आणि साडभाऊ? ते खुशीत! एक मणी अडला की सारी साखळी अडते, हे त्यांचं गणित म्हणे डोळ्यांदेखत खरं ठरलं होतं. डोकं फोडावंसं वाटलं मला, खरं सांगतो.

तेवढ्यात त्यांना पोरगी दिसली. शालूचा पदर मुठीत धरून रडवेली उभी होती. त्यांना मूलबाळ नाही; ती त्यांच्याच मांडीवर वाढलेली. साडभाऊंनी वाढप्यांच्या हातची भांडी ओढली, आजोबांपुढे मांडी घातली आणि आधी जिलबी, मग भात, मग भाजी, असं सगळं उलटसुलट वाढलं. वर हात जोडून चूक कबूल केली. आजोबा हसले आणि जिलबी मागून घेतली. माझा जीव भांड्यात पडला.

पोरीची गाडी निघाली तेव्हा ते माझ्या शेजारीच होते. "पेशीतून बाहेर गेलेलं प्रथिन माह्या गणितात वापस येत नाही," म्हणाले. मग चष्मा पुसत बसले. "हे गणित चुकलं तर बरं होईल गा."

परवा सकाळीच दारात हजर. हातात जिलबीची पुडी.

"पोरगी येऊन राहिली न दिवाळीले?"

दिवाळीला अजून महिना आहे, हे मी त्यांना सांगितलं नाही.