दाराच्या उजवीकडचा दगड

जर्मनीत, र्युसेल्सहाइमला रेल्वे स्टेशनसमोर एका म्हाताऱ्या आर्मेनियन शिंप्याचं दुकान आहे. दरवर्षी माझी कंबर वाढते आणि दरवर्षी मी पँटी सैल करून घ्यायला त्याच्याकडे जातो. नाव कधी विचारलं नाही. तोंडात टाचण्या धरलेल्या, त्यामुळे तो बोलायचाही कमीच.

यंदा आम्ही आर्मेनियाला चाललोय म्हटल्यावर मात्र त्याने टाचण्या काढल्या आणि एका डोंगरातल्या मठाचं नाव लिहून दिलं. "दाराच्या उजवीकडे क्रूस कोरलेला दगड आहे. माझ्या वडिलांच्या हातचा. मला डॉक्टर आता विमानात बसू देत नाहीत. तेवढा फोटो आणा."

चार दिवसांत आम्ही अकरा मठ उरकले. त्याच्या मठासाठी तर मुद्दाम वाट वाकडी केली. बायको म्हणाली, "अहो, नुसत्या दगडाचा कसला फोटो? माणसं नकोत त्यात? व्हा उभे!" मीही मुलीशेजारी पोट आत घेऊन उभा राहिलो.

परत आल्यावर ऐटीत मोबाइल त्याच्या हातात दिला. दोन बोटांनी फोटो मोठा करत तो माझ्या खांद्यापलीकडे, मुलीच्या केसांमागे शोधत राहिला. दगडाची नुसती वरची कड दिसत होती. पुढच्या फोटोतही आम्हीच. त्याच्या पुढच्याही.

"पुढच्या वेळी नक्की," मी पुटपुटलो.

"पुढची वेळ तुम्हाला आहे," तो म्हणाला आणि मोबाइल परत दिला.

घरी बायकोने विचारलं, "आवडला का हो त्यांना फोटो?"

"खूप," मी म्हणालो.