चार पानांचा पळस

पळसाला पानं तीनच, हे शेंबडं पोरही सांगतं. आमच्याकडं तर घरामागं पळस, बांधावर पळस आणि जेवायला पळसाचीच पत्रावळ. तरी मी चार काढली, आणि ती चार पानं चंद्रपूर-गडचिरोलीतल्या कितीतरी गावांनी टीव्हीवर पाहिली. आता साठी उलटल्यावर कबूल करायला लाज कसली? तेव्हा मात्र जीव जात होता.

ऐंशीच्या दशकाच्या मधली गोष्ट. माझ्या थोरल्या भावानं आमच्या मूल गावी व्हिडिओची कंपनी काढली. कंपनी म्हणजे दोन रंगीत टीव्ही, दोन व्हीसीआर, एक जनरेटर आणि कॅसेटींनी भरलेलं एक लोखंडी कपाट. वैनगंगेपलीकडच्या गावांत टीव्हीवर नुसत्या मुंग्या दिसायच्या. म्हणून भाऊ कार्यक्रम टेप करून, सिनेमे आणून, कॅसेटी एसटीनं गावोगाव पाठवायचा. पुढं दुसरे लोक त्याच्या कॅसेटींच्या नकला विकू लागले. तेव्हा त्याच्या डोक्यात आलं की प्रत्येक कॅसेटीच्या सुरुवातीला आपली निशाणी दिसली पाहिजे. घरात चित्रं काढणारी मी एकटी. मॅट्रिक झालेली, लग्न ठरलेली, रिकामी.

पुठ्ठ्यावर पोस्टर कलरनं मधे कंपनीचं नाव काढलं आणि कोपऱ्यांत पळसाची पानं. तीन पानं काढून झाली, तर चौथा कोपरा बोडका. माझा स्वभाव असा, की बोडकं काही दिसलं की हात शिवशिवतात. काढलं चौथं आणि मोकळी झाले. भावानं लग्नाची शूटिंग करणारा एक जण आणला, अंगणात पुठ्ठा उभा केला, आणि मी बाजूला उभी राहून पितळेची थाळी वाजवली. दहा सेकंदांचं काम, त्यातही एक माशी येऊन दुसऱ्या पानावर बसली, पाय चोळले आणि उडाली. शूटिंगवाला म्हणाला, राहू द्या, जिवंत वाटते. पानं कोणी मोजली नाहीत.

मग माझं लग्न झालं. चामोर्शीकडचं खेडं. सासू, नवरा आणि मी, एवढंच घर. सासूला मी बाई म्हणायची. दहा गावच्या लग्नांच्या पत्रावळ्या बाईच्या हातच्या. बांबूच्या काडीनं पान पानाला असं टाचायची की वरण टाका, थेंब गळायचा नाही. माझी पत्रावळ हातात घेतली की सुटायची. बाई मी शिवलेली उसवायची आणि पुन्हा शिवायची, माझ्यासमोर. त्यापेक्षा दोन शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं. नवरा बरा होता, पण नवऱ्याचं काय घेऊन बसलात, घर बाईचं होतं. त्या बाईनं एकदा तरी मला आपली म्हणावं, यासाठी मी अक्षरशः झुरत होते.

चौदा एप्रिलच्या जयंतीच्या आदल्या दिवशी गावात व्हिडिओ आला. हंगाम संपून बंद पडलेल्या राईस मिलच्या शेडमध्ये, भर दुपारी, पत्रे तापलेले, सगळं गाव दाटीवाटीनं बसलेलं. थाळी वाजली, माझा पुठ्ठा पडद्यावर आला आणि शेडभर हशा. पळसाले चार पानं! सगळ्यांत मोठ्यानं बाई हसली. म्हणाली, "कोण्या येड्यानं काढलं हे? जंगल तरी पाह्यलं का त्यानं?" मी पदर तोंडात कोंबला. नवऱ्यालाही सांगितलेलं नव्हतं. पत्रावळ शिवता न येणाऱ्या सुनेला पानंही मोजता येत नाहीत, हे बाईला कळलं की आपली गाडी कायमची मूलला, असंच मी धरून चालले होते.

आणि गंमत पाहा. नकला करणाऱ्यांनी निशाणीचीही नक्कल केली, पण शहाणपणा करून पानं तीन ठेवली. झालं! गावोगावची माणसं कॅसेट लागली की आधी पानं मोजायची. तीन असली की नकली, चार असली की खरी. माझा भाऊ माझ्या चुकीवर छाती फुगवून हिंडायचा. आमच्या शेडमध्येही मोजणी व्हायची आणि मोजून झालं की बाई हसायची, दर वेळी, जणू पहिल्यांदाच पाहते आहे.

एकदा पत्रावळ्या शिवता शिवता ती शेजारणीला त्या येड्या चित्रकाराची गोष्ट सांगत होती. माझं डोकं भडकलं. हातातली पानं फेकली आणि म्हटलं, "मीच ते येडं. टीव्हीले कोपरे चार असतात, मी का करू?" बाईनं माझ्याकडं पाहिलं आणि उठून शेळीला पाणी दाखवायला निघून गेली. त्यानंतर त्या विषयावर ती चकार शब्द बोलली नाही. व्हिडिओ आला तरी हसली नाही. मला वाटलं, संपलं. हिच्या मनातून आपण उतरलो ते उतरलो.

वर्षभरानं भाऊ स्वतः आला, नवा कोरा शर्ट घालून. नागपूरच्या स्टुडिओतून त्यानं नवी निशाणी करून आणली होती, गोल फिरणारी, सोनेरी अक्षरांची, खाली तबल्याचा ठेका, कोणाला नक्कल जमणार नाही अशी. पानं तीन. आता कोणी हसणार नाही, असं तो मलाच सांगत होता. मी बरं म्हटलं. आत कुठं तरी तुटलं, पण सुटका झाल्यासारखंही वाटलं.

शेडमध्ये निशाणी फिरली. लोक वा वा म्हणाले. आणि पुढच्या रांगेतून बाई उठली ती थेट टीव्हीसमोर जाऊन उभी राहिली. मागून ओरडा झाला, बसा म्हणून. ती बसली नाही. सुनेचा भाऊ म्हणजे घरचा सोयरा, मानाचा माणूस, त्याला भर सभेत तिनं विचारलं, "भाऊ, एक पान कुठी गेलं?"

भाऊ गडबडला. समजुतीनं म्हणाला, बाई, पळसाला तीनच असतात ना.

"मले शिकवता का? लग्न होऊन आली तवापासून पत्रावळ्या शिवून राह्यली मी. पळसाले तीनच असतात. चौथं माह्या पोरीचं हाये."

मशीन बंद करायला कोणी तयार नव्हतं, बाई हटायला तयार नव्हती. मी गर्दीतून वाट काढत गेले, तिला धरून खाली बसवलं आणि तिच्याच खांद्यावर ओक्साबोक्शी रडले.

"उगी राह्य," ती म्हणाली, "लोकं पाहून राह्यले."

पाहू दे म्हटलं.