शिकवणीच्या बाईंचा कान

कार्बोलिक साबणाचा वास आला की अल्लीपूरजवळच्या आमच्या गावातली ती प्रार्थनेची पत्र्याची खोली आठवते. गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी शिकवणीच्या बाई त्याच साबणाने आम्हा पोरांचे पाय धूत होत्या. येशूच्या मागे जायचं तर आधी दुसऱ्याच्या पायाशी बसता आलं पाहिजे, असं सांगत होत्या. तेवढ्यात गावातलेच चौघे आले. देवाची जागा म्हणून सवयीने चपला दारात काढल्या आणि मारायला आत शिरले! "पोरायले बाटवून राह्यली काय वं?" म्हणत एकाने बाईंच्या कानाखाली अशी हाणली की त्या भिंतीवर आदळल्या, कानातून रक्त आलं. मग त्याने येशूची तसबीर आपटली, आणि तिच्याच काचेवर त्याचा उघडा पाय पडला. तो बोंबलत खाली बसला. रक्त पाहून बाकीचे तिघे त्याला तिथेच टाकून पळाले. बाई सरकत त्याच्याजवळ गेल्या, त्याचा पाय मांडीवर घेऊन धुऊ लागल्या. मी किंचाळले, "त्याचा पाय काऊन धुता, बाई?" "धुतल्याबिगर काच दिसन काय, पोरी?" त्या म्हणाल्या. त्या कानाने त्यांना पुन्हा कधी ऐकू आलं नाही. नम्रता म्हणजे भित्रेपणा, असं मोठेपणी मी एका पत्रकात ठणकावून छापलं. साफ खोटं छापलं. त्या खोलीत सगळेच भ्यालेले होते, मारणारेसुद्धा. एकट्या बाई सोडून.