आज सोसायटीचीच मुलाखत झाली

मंडळी, आमच्या गोडदेवच्या सोसायटीत भाडेकरूची मुलाखत घ्यायची कमिटीला फार हौस. मीही त्या कमिटीत आहे, त्यामुळे आजचा तमाशा पुढच्या खुर्चीतून पाहिला.

आज रेश्मा आली होती. बालगृहात वाढलेली मुलगी. अठरा पूर्ण झाल्यामुळे तिला तिथून निघावं लागतंय. भाईंदर पश्चिमेला लॅबमध्ये नोकरी लागलीय, घरमालक खोली द्यायला तयार आहे. अडलं होतं फक्त आमच्या होकारावर.

सेक्रेटरी सावंतांनी पहिलाच प्रश्न टाकला, "आईवडील कुठे असतात?"

"नाहीत," ती म्हणाली.

कमिटीचे चेहरे लगेच नकाराच्या तयारीला लागले. तेवढ्यात तिच्यासोबत आलेल्या बालगृहाच्या ताई पुढे सरकल्या.

"पोरगी आमची आहे. आता मी विचारू? पाणी किती वाजता येतं? जिन्यात दिवा का नाही? हिला ड्युटीवरून यायला उशीर झाला तर वॉचमन जागा असतो का?"

मुलीसाठी स्थळ बघायला आलेली आई असते ना, अगदी तश्शी. फक्त इथे घाम मुलाकडच्यांना फुटला होता.

"दिवा आजच लावतो, ताई," सावंत म्हणाले.

"लावा. उद्या येऊन बघते. पसंत पडलं तर ठेवू."

रेश्मा ओढणीआड हसत होती. आम्ही मुकाट्याने होकार दिला आणि उद्याच्या तयारीला लागलो.

तुमच्याकडे अशी मुलगी खोली बघायला आली, तर या ताई तुमच्या बिल्डिंगला पास करतील का?